धायरीतला 162 चौरस फुटांचा गाळा: तीन वर्षं मालकीण राहून

जून 2022 मध्ये आम्ही पुण्यातल्या धायरीत रायकर मळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळमजल्याचा एक गाळा विकत घेतला. भाड्याने द्यायला म्हणूनच घेतला. जून 2025 ला तीन वर्षं झाली. घेताना मला कुणी खरे आकडे सांगितले नव्हते. जो तो "दुकानासारखी गुंतवणूक नाही" एवढंच म्हणायचा. म्हणून माझ्या वहीतले आकडे जसेच्या तसे इथे लिहिते आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. हिंगणे खुर्दला 19 वर्षं माझं ब्लाउज, फॉल-पिको आणि अल्टरेशनचं दुकान होतं, आणि ते सगळा काळ भाड्याच्या गाळ्यात होतं. दर 11 महिन्यांनी मालकाकडे जायचं, चहा घ्यायचा, पाचशे-सातशे वाढवून सही करायची. मालक वाईट नव्हते, पण दर वेळी पोटात गोळा यायचा. 2021 च्या शेवटी डोळ्यांचं ऑपरेशन झालं, बारीक हेमिंग जमेना, आणि मी मशीन विकली. त्याच वर्षी आमचे हे भोसरीच्या कंपनीतून निवृत्त झाले. त्यांचे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे, माझ्या ठेवी आणि भिशी मिळून तीस-बत्तीस लाख होते. त्यातला काही भाग टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकावा असं यांचं मत होतं. तेव्हा तिथे 7.4 टक्के व्याज होतं आणि एका माणसाला 15 लाखांची मर्यादा होती. मला गाळा हवा होता. 19 वर्षं भाडं भरल्यावर भाडं घेणारी बाजू एकदा बघावी, ही इच्छा खरी होती. ती मी यांच्यापासून लपवली नाही.

चार महिन्यांत 11 गाळे बघितले. त्यातले निम्मे मी रस्त्यावरूनच सोडले.

नऱ्ह्याला एका नव्या संकुलात पहिल्या मजल्यावरचा गाळा आम्हाला 19 लाखांत मिळत होता. काच, टाइल्स, लिफ्ट, सगळं चकाचक. त्या मजल्यावर 14 गाळे होते आणि मंगळवारी संध्याकाळी त्यातले 3 उघडे होते. एक क्लास, एक सीए आणि एक कुरिअरवाला. वर चढून ब्लाउज शिवायला कोण येणार? क्लासला किंवा डॉक्टरला लोक जिना चढतात, कारण तिथे ठरवून जायचं असतं. दूध, पाव, रिचार्ज, रिफिल या गोष्टी वाटेत घेतल्या जातात, आणि वाट तळमजल्यावर असते. दलाल म्हणाला, "मॅडम, पाच वर्षांनी बघा." पण पाच वर्षं मेंटेनन्स आणि कर आम्हीच भरायचा होता. अजूनही तिथून जाते तेव्हा मान वर करून बघते. जुलैत गेले तेव्हाही त्या मजल्यावर 14 पैकी 5च शटर वर होती.

आमचा गाळा पसंत पडला तो एका गोष्टीमुळे, आणि ती कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसते. तो घरी परतणाऱ्यांच्या बाजूला आहे. सिंहगड रस्त्याकडून संध्याकाळी आत येणारी माणसं डाव्या बाजूने येतात. भाजीची पिशवी हँडलला अडकवलेली असते, घरी पोचायला पाच मिनिटं राहिलेली असतात, आणि काहीतरी विसरलेलं आठवतं. तेव्हा गाडी थांबते. समोरच्या बाजूला सकाळी कामाला निघालेली माणसं असतात. ती कशाला थांबतील? चहा-पोह्याची गाडी तेवढी तिकडे चालते. रस्त्याला दुभाजक असेल तर हा फरक दुप्पट होतो. आमच्याकडे दुभाजक नाही, पण तरी फरक आहे. मी मंगळवारी, शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ समोरच्या पानपट्टीच्या कडेला वही घेऊन उभी राहिले. किती जण जातात हे मी मोजलं नाही. शेजारच्या किराणा दुकानापाशी किती गाड्या थांबतात तेवढंच मोजलं. शनिवारी दोन तासांत 61. नऱ्ह्याला अशाच दोन तासांत 9 झाल्या होत्या.

आता माप. जाहिरातीत गाळा "250 चौरस फूट" होता. माझ्या पर्समध्ये टेप कायमच असते. शटरची रुंदी आतून 9 फूट 8 इंच, खोली 16 फूट 9 इंच. म्हणजे 162. दलालाने सांगितलं की बाकीचं "सेलेबल" आहे, त्यात जिना, पॅसेज, पार्किंग सगळं येतं. मी म्हणाले, माझा भाडेकरू पॅसेजमध्ये माल ठेवणार नाही, 162 वरच बोलू. करारनाम्यात तर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, 15.05 चौरस मीटर असंच लिहिलेलं निघालं. 2017 पासून महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण, आहे. नव्या प्रकल्पात कार्पेटवरच विक्री करावी लागते. पण जुन्या इमारतीतल्या फेरविक्रीत तोंडी भाषा अजून तीच चालते. गुंतवणुकीसाठी घेणाऱ्याने टेप स्वतः धरावी, आणि भिंतीच्या आतून धरावी. पोटमाळ्याचंही तसंच. आमच्या आधी बघितलेल्या एका गाळ्यात मालकाने लोखंडी पोटमाळा घालून "दीडपट जागा" सांगितली होती. मंजूर नकाशात तो नव्हता. आमच्या वकीलताई म्हणाल्या, नकाशात नाही त्याचे पैसे देऊ नका, उद्या तो काढायला लावला तर तुमचं काही चालणार नाही.

किंमत ठरली 27 लाख 50 हजार. त्यावर 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 1,92,500. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आमची त्यात चूक झाली. बाईच्या एकटीच्या नावावर खरेदी केली की मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं असं सगळ्यांनी सांगितलं, दलालानेही सांगितलं, आणि आम्ही तसाच हिशेब धरला. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त तयार होताना कळलं की ही सवलत फक्त राहत्या घराला आहे, दुकानाला नाही. 27,500 रुपये ऐनवेळी उभे करावे लागले. मी बहिणीकडून आणले. नोंदणी शुल्क एक टक्का, आणखी 27,500. दलाली दोन टक्के, 55,000. वकिलांची फी 12,000, त्यात जागेच्या मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल आला. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क 25,000. बेरीज 30,62,000 झाली. बांधून पूर्ण झालेली आणि भोगवटा प्रमाणपत्र असलेली इमारत होती, म्हणून जीएसटी लागला नाही. बांधकाम चालू असलेला गाळा घेतला असता तर प्रकल्प कुठला आहे त्यानुसार 5 किंवा 12 टक्के अजून गेले असते, आणि ते परत मिळाले नसते.

कर्ज आम्ही घेतलं नाही. विचारलं मात्र होतं. दुकानाच्या कर्जाला घराच्या कर्जापेक्षा चढा दर सांगितला, मुदत कमी, आणि मुद्दलावर आयकरातली 80सी ची जी सवलत घराला मिळायची ती दुकानाला मिळत नव्हती. ज्यांना कर्ज काढायचं आहे त्यांनी हप्ता आणि भाडं समोरासमोर मांडून बघावं. आमच्या गाळ्यात तरी भाड्यातून हप्ता निघाला नसता.

विकणाऱ्यांकडे सोसायटीची 38,000 ची थकबाकी होती. आम्ही ती आधी भरायला लावली, ना-हरकत पत्र हातात घेतलं, मगच बाकीची रक्कम दिली. वीजबिलाचंही तसंच केलं. या दोन्ही गोष्टी वकीलताईंनी पहिल्या भेटीत सांगितल्या होत्या. त्यांची फी सगळ्यात लहान होती, आणि वसूल झाली ती सगळ्यात जास्त.

मग गाळा लावायला घेतला. शटर गंजलं होतं, ते बदललं, 21,000. वायरिंग आणि मीटर नावावर करणं, 14,000. रंग आणि फरशी, 15,000. आणि नळ, 18,000. नळाबद्दल जरा थांबून सांगते. या गाळ्यात पाणी नव्हतं, मोरीही नव्हती. बहुतेक लहान गाळ्यांत नसते आणि घेताना कुणी बघत नाही. पाणी नसलं की भाडेकरू फक्त सुक्या धंद्याचे मिळतात. मोबाइल, स्टेशनरी, कपडे, झेरॉक्स. डेअरी, पोळी-भाजी, पार्लर, दाताचा डॉक्टर, हे सगळे आपोआप बाद होतात. माझ्या जुन्या दुकानात पाणी नव्हतं, तेव्हा मी 19 वर्षं कॅनने पाणी भरलंय, म्हणून मला ते आधी दिसलं. सोसायटीच्या दोन बैठकांना जाऊन परवानगी काढली. 68,000 एकूण खर्च, म्हणजे गाळा आम्हाला 31,30,000 ला पडला. यापुढचे सगळे टक्के मी याच आकड्यावर काढले आहेत. दलाल नेहमी 27.50 वर काढतात. "सोळा हजार भाडं कुठेही गेलं नाही, सात टक्के पक्के" हे वाक्य तसंच तयार झालं होतं.

पहिला भाडेकरू सप्टेंबर 2022 ला आला. मोबाइल दुरुस्ती आणि कव्हर विकणारा 24-25 वर्षांचा मुलगा, साताऱ्याकडचा. भाडं 14,000, डिपॉझिट 70,000. 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स भाडेकरार केला आणि नोंदवला. 11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं अजून कितीतरी लोक सांगतात. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे तो नोंदवावाच लागतो आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. दुसरी गोष्ट मला वकीलताईंनीच सांगितली, आणि तेव्हापासून मी भाडेकरू निवडताना जास्त विचार करते. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे लवकर दाद मागायची जी सोय घरमालकाला कलम 24 खाली आहे, ती राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकानाला ती वाट नाही. दुकानासाठी नेहमीच्या कोर्टाचाच रस्ता. म्हणून हजार रुपये कमी देणारा पण सरळ माणूस मला परवडतो.

तो मुलगा सरळच होता. चूक माझी झाली. मी त्याला त्याचा धंदा विचारला नाही.

माझ्या दुकानात मी एक हिशेब नेहमी ठेवायचे. महिन्याचं भाडं किती दिवसांच्या गल्ल्यातून निघतं? शेवटच्या वर्षी माझं भाडं 9,000 होतं आणि रोजचा गल्ला सरासरी 2,200. चार दिवस आणि थोडं. चार दिवस मालकासाठी काम करायचं, बाकीचे दिवस आपले. पाचवा दिवस लागायला लागला की मी अस्वस्थ व्हायचे. सहा दिवस लागले असते तर मी दुकान बंद केलं असतं. मजुरीच्या धंद्यात हे जमतं. मालाच्या धंद्यात नफा कमी, म्हणून दिवस आणखी कमी हवेत. मालकीण झाले आणि हा हिशेब मी विसरले. 14,000 कबूल केले, डिपॉझिट आणून दिलं, झालं. मार्चमध्ये एकदा भाडं उशिरा आलं तेव्हा मी त्याच्याजवळ बसले आणि विचारलं. रोजचा गल्ला 1,800 ते 2,000. म्हणजे माझं भाडं द्यायला त्याला सात दिवस लागत होते, आणि त्यातून मालाचे पैसे वेगळेच जायचे. त्याच रस्त्यावर मोबाइलची आणखी चार दुकानं होती. हे मला आधी मोजता आलं असतं. गाड्या मोजल्या, पण या रस्त्यावर कशाचं दुकान कमी आहे ते बघितलं नाही.

त्यात फेब्रुवारीत ड्रेनेजसाठी रस्ता खणला. शटरसमोर चार फूट खड्डा, वर फळी. चार महिने. मी त्याचं मार्च आणि एप्रिलचं भाडं अर्धं करायला तयार होते. तो म्हणाला, "काकू, भाडं अर्धं झालं तरी गिऱ्हाईक फळीवरून येत नाही." ठरल्याप्रमाणे पूर्ण भाडं देऊन मे अखेर तो गेला. मी डिपॉझिट त्याच दिवशी पूर्ण परत केलं. तो आता वडगावला एका मोठ्या दुकानात काम करतो, दिवाळीला फोन करतो.

रस्ता भरला तो काँक्रीटचा, आणि आधीपेक्षा सात इंच उंच. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गाळ्यात चार बोटं पाणी होतं. रिकामा होता म्हणून निभावलं. उंबरा चढवून आतल्या बाजूला उतार करून घेतला, 7,000. त्याच पावसात शटरच्या वरच्या छज्जातून गळती सुरू झाली. पावसाच्या पाण्याची बाहेरून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, सोसायटीच्या उपविधीत, म्हणजे नियमांत, तसं आहे. सोसायटीचं म्हणणं, छज्जा दुकानांचा आहे, दुकानदारांनी बघावं. मी पत्र दिलं, पोच घेतली, वाट बघितली. भाडेकरू मिळेना म्हणून शेवटी स्वतः 15,000 घालून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. दोन वर्षं झाली, ते पैसे मी अजून मागते आहे. राहत्या सोसायटीतला गाळा घेणाऱ्याला हे माहीत असावं. वर 24 फ्लॅट, खाली 5 गाळे, मतं मोजली की आपण कुठे आहोत ते कळतं. शटर किती वाजता बंद करायचं, बोर्ड केवढा लावायचा, गिऱ्हाइकाची गाडी कुठे लागायची, हे सगळं वरच्या बैठकीत ठरतं. सगळे गाळेच असलेल्या इमारतीत हा त्रास कमी असावा, पण अशा इमारतीला वरच्या 24 घरांचं रोजचं गिऱ्हाईकही नसतं.

पाच महिने गाळा रिकामा होता. जून ते ऑक्टोबर 2023. रिकाम्या गाळ्याचा खर्च थांबत नाही. कर, मेंटेनन्स, विजेचा स्थिर आकार, तोही व्यापारी दराने. रोज संध्याकाळी फिरायला म्हणून मी तिकडूनच जायचे. बंद शटरवर आपला फोन नंबर खडूने लिहिलेला बघायचा, हे फार जड जातं. यांनी त्या पाच महिन्यांत एकदाही पोस्टाच्या व्याजाचा विषय काढला नाही. ते व्याज तोवर 8.2 टक्के झालं होतं.

पिठाच्या गिरणीवाल्याने विचारलं होतं, 17,000 देत होता. गिरणी एकदा बसली की वीस वर्षं हलत नाही, मला फार मोह झाला. पण थ्री-फेज लोड, धुरळा, आणि वरच्या बेडरूमपर्यंत जाणारी थरथर. सोसायटीने नाही म्हटलं आणि त्यांचं म्हणणं मला पटलं. एक मेडिकलवालाही येऊन गेला. औषधाच्या किरकोळ दुकानाला किमान 10 चौरस मीटर जागा लागते, आमची 15 आहे, त्यामुळे परवान्याला अडचण नव्हती. पण त्याला जवळ दवाखाना हवा होता, आणि 200 मीटरच्या आत दोन मेडिकल आधीच होती. त्याने स्वतःच नको म्हटलं. जाताना मला म्हणाला, "ताई, इथे सकाळचं काहीतरी ठेवणारा बघा. या रस्त्याला सकाळी दूध मिळत नाही."

माझ्या वहीत फक्त संध्याकाळ होती. मी सकाळी सहाला जाऊन उभी राहिले. वरच्या आणि मागच्या सोसायट्यांतून माणसं पिशवी घेऊन खाली येत होती आणि डावीकडे वळून पार चौकापर्यंत जात होती. चौक 650 मीटरवर आहे.

नोव्हेंबर 2023 ला एक नवरा-बायको आले. दूध, दही, पनीर, पाव आणि इडली-डोशाचं पीठ. वडगावला घरीच दळायचं आणि इथे आणून विकायचं, म्हणजे ग्राइंडरच्या आवाजाचा प्रश्न नाही. नळ आणि मोरी बघून बाईंनी लगेच होकार दिला. याआधी त्यांनी बघितलेल्या चार गाळ्यांत पाणी नव्हतं. या वेळी मी पहिल्याच दिवशी विचारलं: रोज किती विकाल असं वाटतं? त्यांनी आधीच्या टपरीची वही दाखवली. मी 15,000 म्हटलं. दलाल 16,500 मागा म्हणत होता. 36 महिन्यांचा करार, पहिलं वर्ष लॉक-इन (म्हणजे मध्येच सोडायचं नाही), दर वर्षी पाच टक्के वाढ, डिपॉझिट 75,000. आता त्यांचा रोजचा गल्ला 4,500 ते 5,000 असतो, रविवारी जास्त. 15,750 भाडं सव्वातीन दिवसांत निघतं. नफ्याचं प्रमाण कमी असलं तरी तीन दिवसांचं भाडं त्यांना झेपतं, हे मी गल्ल्याकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सांगू शकते. एकदाही भाडं पाच तारखेच्या पुढे गेलेलं नाही.

आता तीन वर्षांची बेरीज. जुलै 2022 ते जून 2025. भाडं आलं: 1,26,000, मग पाच महिने शून्य, मग 1,80,000, मग आठ महिन्यांचे 1,26,000. एकूण 4,32,000. खर्च: मिळकत कर 34,200, मेंटेनन्स आणि नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः जागा वापरत नसला की सोसायटी घेते ते शुल्क) मिळून 32,400, दोन्ही भाडेकरूंच्या वेळची एकेका महिन्याची दलाली 29,000, दोन करारांचा खर्च 7,000, गळती आणि उंबरा 22,000, रिकाम्या काळातली वीजबिलं 3,400. एकूण 1,28,000. हातात राहिले 3,04,000. वर्षाला 1,01,333. आम्ही घातलेल्या 31,30,000 वर हे 3.24 टक्के होतात. सात टक्क्यांचे सव्वातीन झाले. आयकर वेगळा. त्यात भाड्यातून मिळकत कर वजा होतो आणि उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, घराला मिळते तशीच, तेवढा दिलासा आहे.

गेल्या एका वर्षाचाच हिशेब केला, जेव्हा गाळा पूर्ण भरलेला होता आणि दुरुस्ती निघाली नाही, तर खर्च जाऊन साधारण सव्वापाच टक्के पडतात. म्हणजे हा गाळा वाईट नाही. पाच रिकाम्या महिन्यांनी आणि घाईने निवडलेल्या पहिल्या भाडेकरूने पहिली दोन वर्षं खाल्ली. आणि त्यातला पहिला भाडेकरू टाळणं माझ्या हातात होतं.

किंमत वाढली का, असं सगळे विचारतात. शेजारचा तेवढाच गाळा 2025 मध्ये 33 लाखांना गेला, दस्त मी इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदणीच्या सरकारी उताऱ्यात, बघितला. पण तो कोपऱ्याचा आहे, दोन बाजूंनी दिसतो. आपल्याला किती येतील ते विकतानाच कळेल, म्हणून मी तो आकडा वहीत धरत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर जागेला साडेचार देईन, कारण घरी परतणारी बाजू आणि वरची-मागची घरं हे दोन्ही टिकणारं आहे. इमारतीला दोन. छज्जा, पार्किंग आणि बैठका यांमुळे. उत्पन्नाला आत्तापर्यंत अडीच. आणि ज्याला महिन्याच्या महिन्याला ठरलेले पैसे लागतात, ज्याचं घर त्यावर चालतं, त्याने सगळी पुंजी एका गाळ्यात घालू नये असं मला मनापासून वाटतं. आमच्या घरात यांची थोडी पेन्शन आणि मुलाचा हातभार होता म्हणून ते पाच महिने निघाले. एकटी बाई असती तर तिने काय केलं असतं याचा मी पुष्कळ विचार करते. माझ्या ओळखीच्या एकीला मी याच कारणाने अर्धी रक्कम आधी पोस्टात टाकायला लावली, आणि उरलेल्यात भागीदारीतही गाळा घेऊ नको असं सांगितलं.

करार ऑक्टोबर 2026 ला संपतो. दोघांनी आत्ताच विचारलं, पुढे द्याल ना काकू? विचारताना बाईंच्या आवाजात जे होतं ते मी ओळखते. मी सांगितलं, तीन वर्षं अजून, वाढ तीच पाच टक्के, नवीन दलाली नाही, आणि कागद एप्रिलमध्येच करून टाकू म्हणजे तुम्हाला सहा महिने टांगून राहायला नको. बाई आत गेल्या आणि पिठाचा एक डबा घेऊन आल्या. मी त्याचे पैसे दिले. त्यांच्या गल्ल्यात ते दिसले पाहिजेत.